चामखीळ, चुना आणि धुण्याचा सोडा

व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा फिरत असतो: ‘चामखीळ रक्त अशुद्ध झाल्याने येते. खायचा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावा, रात्रीत मुळासकट गळेल. नाहीतर घोड्याच्या केसाने आवळून बांधा. तिचं रक्त सांडेल तिथे नवी उगवते.’ दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बहिणीने हा उपाय लेकावर केला. म्हणून लिहितेय.

आधी चुना-सोडा. हे दोन्ही पाण्यात कालवले की कॉस्टिक सोडा तयार होतो. एकेकाळी कारखान्यांतही तो असाच बनवत. चामखीळ कुठे संपते आणि चांगली कातडी कुठे सुरू होते, हे त्याला कळत नाही. भाच्याच्या तर्जनीवर ज्वारीच्या दाण्याएवढी चामखीळ होती; सकाळी तिथे रुपयाएवढी जखम होती, मध्ये लाल, कडेने पांढरी. सात वर्षांचं पोर, पंधरा दिवस पट्टी बांधून शाळेत गेलं. जखम भरली तशी कडेला चामखीळ पुन्हा डोकावली.

‘मुळासकट’ म्हणावं तर चामखिळीला मूळच नसतं. ती कातडीच्या वरच्या थरातच वाढते. आत दिसणारे काळे ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या.

रक्त अशुद्ध झाल्याचाही संबंध नाही. इटलीच्या च्युफो नावाच्या डॉक्टरांनी 1907 मध्ये चामखीळ वाटून, जिवाणूही अडकतील अशा गाळणीतून तो रस गाळला आणि टोचला, तरी चामखीळ उगवली. कारण विषाणू, ‘एचपीव्ही’. हे नाव वाचून अनेकींच्या पोटात गोळा येतो. पण त्याचे 200 हून अधिक प्रकार आहेत आणि बोटांवर चामखीळ आणणारे प्रकार गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्यांपेक्षा वेगळे आहेत.

ती पसरते, हे मात्र खरं. पण रक्तातून नव्हे; विषाणू कातडीच्या पेशींत असतो, म्हणून नखं कुरतडणं, खाजवणं, त्यावरून वस्तरा फिरवणं हे टाळायचं.

घोड्याच्या केसाचं काय? मराठीत आपण दोन गोष्टींना चामखीळच म्हणतो. मानेवर, काखेत देठाने लोंबणारा मऊ मस वेगळा. तो दोऱ्याने गळतो, पण घरी बांधला तर पिकूही शकतो. बोटावरच्या खरखरीत चामखिळीला देठच नसतो, दोरा धरणार कशाला?

‘आमच्याकडे गुण आला’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. मुलांच्या जवळपास निम्म्या चामखिळी वर्षभरात आपोआप जातात, दोन वर्षांत दोनतृतीयांश. त्या काळात जे केलं असेल, त्याला श्रेय मिळतं.

वाट पाहायची नसेल तर औषधाच्या दुकानात सॅलिसिलिक ॲसिडचं औषध मिळतं. बोट कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवायचं, मेलेली कातडी नखांच्या कानशीने हलकेच घासायची (ती कानस दुसऱ्या कशाला वापरायची नाही), भोवती व्हॅसलीन लावून औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर. रोज, बारा आठवड्यांपर्यंत. त्वचारोगतज्ज्ञ द्रव नायट्रोजनने ती गोठवतातही, पण ते दुखतं. लहानग्यांसाठी घाई करू नये.

चेहऱ्यावर, जननेंद्रियांवर हे औषध घरी लावायचं नाही. मधुमेह असेल तर तळपायाच्या चामखिळीला हातही न लावता डॉक्टरांकडे जायचं. उतारवयात नवी उगवलेली, भराभर वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ चामखीळ समजून घरी बसायचं नाही.

भाच्याच्या औषधाचा आता पाचवा आठवडा आहे. चामखीळ सपाट होत चाललीय. रोज रात्री जेवण झालं की तो स्वतःच कोमट पाण्याची वाटी घेऊन बसतो.