जॉन लेर्ड आणि ‘अलाबामा’: एक खुलासा

अमेरिकी यादवी युद्धातील दक्षिणेची (फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांची) कुप्रसिद्ध युद्धनौका ‘अलाबामा’ ही इंग्लंडमधील बर्कनहेडचे धनाढ्य खासदार जॉन लेर्ड यांनी खासदारकी भूषवीत असताना स्वतः बांधली आणि तिचा ‘२९०’ हा क्रमांक म्हणजे पैसे पुरवणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांची संख्या होय, असे सांगितले जाते. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

१८६१ मध्ये संसदेवर निवडून आले, त्याच वर्षी लेर्ड जहाजबांधणीच्या व्यवसायातून निवृत्त झाले होते आणि गोदी त्यांच्या मुलांच्या हाती गेली होती. ‘२९०’ हा त्या गोदीतील बांधणीचा क्रमांक होता, याहून अधिक काही नाही. १५ मे १८६२ रोजी ‘एन्रिका’ या नावाने जलावतरण झालेले हे जहाज २९ जुलैला चाचणीच्या बहाण्याने, पाहुण्यांना डेकवर घेऊन, मर्सी नदीतून निघाले. पाहुण्यांना छोट्या बोटीने परत पाठवण्यात आले, आणि तोफा चढल्या त्या पुढे अटलांटिकमधील अझोर्स बेटांपाशी.

गैरसमजाला लेर्ड स्वतःही कारणीभूत आहेत. मार्च १८६३ मध्ये उत्तरेची बाजू घेणारे खासदार जॉन ब्राइट यांना उत्तर देताना, वर्गावर्गांत तेढ लावणारा म्हणून ओळखले जाण्यापेक्षा डझनभर ‘अलाबामा’ बांधणारा म्हणून ओळखले जाणे आपण पसंत करू, असे त्यांनी भर सभागृहात सांगितले. गुलामगिरीसाठी लढणाऱ्या बाजूविषयीची त्यांची ही सहानुभूती मला अक्षम्य वाटते. तरीही बांधणीचा करार त्यांच्या नावावर टाकणे योग्य नाही.