म्हणे गूळ चालतो!

गंगापूर रोडला सकाळी फिरून आलं की हमखास ती पाटी दिसते: ‘गुळाचा चहा, शुगर फ्री’. अरे बाबांनो, गूळ काय कारल्याचा करतात का? उसाचाच रस आटवलेला! त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त साखरच असते. थोडं लोह, थोडे क्षार असतात, कबूल. पण ते अंगी लागावेत इतका गूळ खाल्लात तर आधी डॉक्टर गाठावा लागेल.

आमच्या शेजारच्या काकूंना मधुमेह. साखर बंद म्हणजे बंद! आणि चहात गुळाचा खडा केवढा, तर सुपारीएवढा. वर सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध. काही म्हणावं तर, “अगं, नैसर्गिक आहे ते!” ऊस काय कारखान्यात उगवतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय, मधातली आणि फळांच्या रसातली साखरसुद्धा वरून घातलेल्या साखरेतच मोजा. दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, २५ च्या आत राहिली तर उत्तमच. फळ अख्खं चावून खाल्लं तर ते यात धरत नाहीत. पण नाशकात राहून द्राक्षं खायला घाबरायचं आणि गुळाची चिक्की मात्र ‘हेल्दी’ म्हणून डबाभर संपवायची!

काल काकूंनी खजुराचे लाडू पाठवले. सोबत निरोप, “बिनसाखरेचे आहेत, हवे तेवढे खा.”

चार खाल्ले. छान झाले होते, तो भाग वेगळा.