‘बेस्ट’ थेरपिस्ट शोधू नका

नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डरबद्दल (एनपीडी, म्हणजे स्वतःचा मोठेपणा आणि कौतुकाची भूक यांभोवती फिरणारा व्यक्तिमत्त्व विकार) मी लिहायला लागल्यापासून इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो: "या विषयातला सगळ्यात बेस्ट थेरपिस्ट कोण?" विचारणारा स्वतःसाठी विचारत असेल तर मला त्याचं कौतुकच वाटतं, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण जोडीदाराचं, आईचं नाहीतर बॉसचं निदान घेऊन येतात. (माझं निदान माझंच आहे आणि मानसोपचारतज्ज्ञाने केलेलं आहे.) पण त्या ‘बेस्ट’शी माझं भांडण आहे.

निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुस्तकात एनपीडीची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यातली किमान पाच असावी लागतात. त्यातलं एक असं की आपण विशेष आहोत आणि आपल्याला समजून घेणं फक्त तशाच विशेष, मोठ्या माणसांनाच जमेल असं वाटणं. आता असं वाटणाऱ्या माणसाला थेरपिस्ट शोधायला बसवा. तो काय बघणार? परदेशी पदव्या, मुलाखती, फॉलोअर्स, नामांकित ग्राहक. म्हणजे पहिल्या सेशनच्या आधीच आजाराने आपल्या सोयीचा थेरपिस्ट निवडलेला असतो.

पुढे काय होतं तेही ठरलेलं. सुरुवातीला नुसती बहार. आपण त्याच्या विद्वत्तेवर खूश, तो आपल्या हुशारीवर. आपली केस किती वेगळी, आपण स्वतःकडे किती स्वच्छ नजरेने बघतो वगैरे. मग एके दिवशी तो आपण मागच्या वेळी सांगितलेलं नाव विसरतो, किंवा बोलता बोलता घड्याळाकडे बघतो, किंवा साध्या आवाजात एखादं बोचणारं निरीक्षण करतो. झालं! घरी पोहोचेपर्यंत तो सुमार ठरलेला असतो. पुढच्या वेळी "काम निघालंय" असा मेसेज, त्याच्या पुढच्या वेळी तोही नाही. आमच्यासारखे लोक थेरपी अर्ध्यात सोडतात ही तज्ज्ञांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

म्हणून माझं मत असं: ज्याच्यावर भयंकर चिडल्यावरही पुढच्या आठवड्यात आपण परत जाऊ शकू, असा थेरपिस्ट शोधायचा. बाकी सगळं त्यानंतर.

हे फोनवर कसं कळणार? पूर्ण नाही कळत, पण बरंच कळतं. एनपीडी हा शब्द सरळ उच्चारा. "स्वतःला असं लेबल लावून घेऊ नका हो" हे उत्तर प्रेमळ आहे, पण बोलणाऱ्याला विषय टाळायचा असण्याची शक्यता बरीच. "असे लोक बदलत नाहीत" म्हणणाऱ्याचे आभार मानून फोन ठेवा. "निदान कोणी केलं? आणि आत्ताच का यावंसं वाटलं?" असं विचारणारा माणूस मला बरा वाटतो. मग त्याला विचारा, अवघड केसची चर्चा तुम्ही कोणाशी करता का? हा प्रश्न उद्धट वाटेल, पण आमच्यासमोर बसणाऱ्यावर काय काय बेततं ते बघा. कधी आम्ही त्याला डोक्यावर घेतो, कधी पायदळी तुडवतो, कधी तासभर स्वतःबद्दलच बोलून त्याला जांभया आणतो. हे सगळं एकट्याने पचवणारा थेरपिस्ट एक तर चिडतो किंवा आमची स्तुती करत सुटतो. सुपरव्हिजन घेणारा, म्हणजे आपल्या केसेसवर दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टशी नियमित बोलणारा, त्यातल्या त्यात टिकतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "मी अचानक यायचं बंद केलं तर तुम्ही काय कराल?" यावर ज्याने आधी विचार केलेला आहे तो साधारण असं काहीतरी सांगतो की, सोडायचं असेल तेव्हा सोडा, पण निर्णय मेसेजवर कळवू नका, एकदा येऊन समोर बोला. असा करार पहिल्याच भेटीत व्हावा. आमच्यासाठी कुठल्याही पद्धतीच्या नावापेक्षा तो जास्त कामाचा आहे.

पद्धतींचं म्हणाल तर थोडा इतिहास सांगतो. (मला तो सांगायला आवडतो. ही पोस्ट किती जणांनी शेअर केली हे मी दर थोड्या वेळाने बघणार आहे, तेही आत्ताच सांगून टाकतो.) हाइन्ट्स कोहुट आणि ऑटो कर्नबर्ग हे दोन मनोविश्लेषक, दोघेही जन्माने व्हिएन्नाचे आणि दोघांचंही काम अमेरिकेत. १९७० च्या दशकात याच विकारावरून दोघांचं वाजलं. कोहुटचं म्हणणं, या माणसाची आतली वाढ कुठेतरी खुंटली आहे. त्याची कौतुकाची भूक झिडकारू नका, सहानुभूतीने समजून घ्या, ती हळूहळू प्रौढ होईल. कर्नबर्गचं म्हणणं, हा मोठेपणा म्हणजे हेवा आणि संताप झाकायची तटबंदी आहे. ती समोरासमोर दाखवून द्यावी लागते. १९८० मध्ये डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत हे निदान पहिल्यांदा आलं, त्यामागे या दोघांच्या लिखाणाचा मोठा हात आहे.

पेशंटच्या खुर्चीतून मला विचाराल तर दोघेही बरोबर, फक्त वेळ चुकली की दोघेही घातक. नुसतं कोहुटच्या वाटेने गेलं तर मी वर्षभर मजेत स्वतःचं कौतुक ऐकत बसेन. पहिल्याच महिन्यात कर्नबर्ग अंगावर आला तर मी उठून जाईन.

आज कर्नबर्गच्या परंपरेतली ट्रान्सफरन्स-फोकस्ड थेरपी (पेशंट आणि थेरपिस्ट यांच्यातल्या नात्यावर काम करणारी) आहे, जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी आहे, बेटमन आणि फॉनगी यांची मेंटलायझेशनवर (स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यावर) आधारलेली थेरपीसुद्धा आहे, जी मुळात बॉर्डरलाइन या दुसऱ्या व्यक्तिमत्त्व विकारासाठी घडवली गेली. यातली एनपीडीवर नक्की कुठली सरस, हे ठरवणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. त्यामुळे "आमची पद्धत एनपीडीवर सिद्ध झालेली आहे" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मला आमच्यातलाच एक भेटल्यासारखं वाटतं.

औषधांचं थोडक्यात. खुद्द एनपीडीवर गोळी नाही. सोबतचं नैराश्य, चिंता, झोप यांवर आहे आणि ती घ्यायला लाजू नये. आमच्यातला क्वचितच कोणी ‘मी नार्सिसिस्ट आहे’ म्हणत दवाखान्यात येतो. नोकरी गेली, कोणी सोडून गेलं, झोप उडाली, म्हणून येतो. त्यातही जो बढाया मारत नाही, आतल्या आत कुढतो, टीकेच्या एका शब्दाने आठवडाभर कोसळतो, त्याचा हा विकार वर्षानुवर्षं नुसतं नैराश्य म्हणून नोंदवला जाऊ शकतो. आणि एक गोष्ट गांभीर्याने: पद, नातं, अब्रू गेल्यावर येणारी शरम जिवावर बेतू शकते, नैराश्याची ठळक लक्षणं नसतानाही. तसे विचार येत असतील तर निवड वगैरे बाजूला ठेवा. जो डॉक्टर, जी तातडीची सेवा आत्ता मिळेल ती घ्या, आणि जवळच्या एकाला सांगा.

कागदावर एनपीडी लिहिलेलंच नसेल तर डॉक्टरने काही लपवलं असं समजू नका. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, हा वेगळा प्रकारच नाही. तिथे व्यक्तिमत्त्व विकार सौम्य, मध्यम की तीव्र ते बघतात आणि स्वभावाचे कल नोंदवतात. उलट, नेटवरच्या चाळीस प्रश्नांच्या चाचणीत भरपूर गुण मिळाले म्हणून निदानही होत नाही. ती प्रश्नावली सर्वसाधारण लोकांमधला हा स्वभावगुण मोजायला बनवली होती. (मला त्यात भरपूर गुण मिळाले होते. अभिमान वाटला होता.)

बदल होतो का? रॉनिंगस्टॅम आणि गुंडरसन यांनी सहकाऱ्यांसोबत १९९५ मध्ये एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांमध्ये हा विकार लक्षणीयरीत्या उतरला होता. कशामुळे? खरोखर काहीतरी साध्य झालं म्हणून, एखादं नातं टिकलं म्हणून, किंवा सोसवेल इतपत भ्रमनिरास झाला म्हणून. थेरपीत या तिसऱ्याची तालीम होते असं मला वाटतं. माझ्या सध्याच्या मॅडम ना प्रसिद्ध आहेत ना मी त्यांना खास वाटतो. त्या रजेवर जातात तेव्हा मला अजूनही राग येतो, आणि परत आल्यावर आम्ही त्या रागावर बोलतो. कामाचं बरंचसं तेवढंच आहे.

घरच्यांसाठी: भांडणाच्या भरात निदान फेकून मारू नका. "तू नार्सिसिस्ट आहेस, थेरपी घे" ऐकून कोणी गेल्याचं मी पाहिलेलं नाही. "तुला झोप लागत नाहीये, कोणाला तरी दाखव" हे ऐकून कोणी जाण्याची थोडी शक्यता तरी आहे. मारहाण किंवा धाक असेल तर दोघांनी मिळून थेरपीला जाण्याच्या फंदात पडू नका, आधी स्वतःची सुरक्षितता बघा. त्याच्या बरं होण्याची वाट बघत बसायला तुम्ही बांधील नाही. हे मी, ज्याच्यासाठी वाट बघितली जावी असं वाटतं असा माणूस, सांगतोय.

आणि थेरपिस्ट मंडळी वाचत असतील तर एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या प्रोफाइलवर ‘नार्सिसिस्टपासून सुटका’, ‘टॉक्सिक माणसं ओळखा’ असं लिहिलेलं असतं. आमचा त्रास सोसणाऱ्या लोकांना मदत हवीच, मला मान्य आहे. पण तुम्ही एनपीडी असलेल्यांनाही घेत असाल तर तसं एक वाक्य खाली टाका. आमच्यातला जो फोन करतो तो बहुधा एकदाच करतो.