‘साडेचौदा हजार पाण्यात’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण जे लिहिलं ते सकाळी वाचून स्वतःच पुसलं. म्हणून दोन दिवस उशीर.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगते. १९५७ च्या शेवरले गाडीचं १/२५ किट (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं, जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल) तुमचं, डिटेलिंग (बारीकसारीक भाग आणि रंगकाम) आमचं, बिल साडेचौदा हजार. तुमचं म्हणणं असं, की इम्पालाची ग्रिल, म्हणजे पुढची जाळी, आम्ही सोनेरी करून ठेवली, इंजिनाच्या वायरी भिंग घेऊन शोधाव्या लागतात, पेट्रोलचं झाकण करायचं विसरलो, क्रोम आठवड्यात काळवंडलं, गाडी पाच आठवडे उशिरा दिली आणि छताजवळ ब्लेडचा चरा आहे. म्हणून एक स्टार.

चऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो माझाच आहे. छत आणि खालची बॉडी जिथे मिळते तिथे खऱ्या गाडीला स्टीलची बारीक पट्टी असते. किटवर ती नुसती उठावदार रेघ असते. त्या रेघेवर आम्ही चिकट पाठीची पातळ अॅल्युमिनियम फॉइल बसवतो, कापसाच्या काडीने घासून कोपऱ्यांत बसवतो आणि मग दोन्ही कडांनी ब्लेड फिरवून जास्तीची सोलून काढतो. ब्लेड नवं असेल तर हात नुसता टेकवायचा, फॉइल आपणहून सुटते. बोथट ब्लेड फॉइल फाडतं, मग माणूस जोर लावतो आणि पातं खालच्या रंगात उतरतं. डाव्या बाजूला, मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, साधारण ४ मिलिमीटर, असंच झालं. दहा रुपयांचं पातं बदलायचा कंटाळा केला. आणि खरं सांगायचं तर डिलिव्हरीच्या आदल्या रात्री मला तो चरा दिसला होता. पॉलिश करून पाहिलं, दिव्याखाली फिरवून पाहिलं, ‘एवढं कोण बघतंय’ म्हणाले आणि डबा बंद केला. तुम्ही बघितलंत.

उशिराचंही तसंच. तुम्हाला खाली मॅटाडोर रेड हा लाल आणि वर छताला इंडिया आयव्हरी हा हस्तिदंती रंग हवा होता. (इंडिया आयव्हरी हे नाव आमच्या मनचं नाही, शेवरलेच्या त्या वर्षीच्या रंगांच्या तक्त्यात ते आहे.) लाल रंग जुलैत मारला. पावसाळ्यात लॅकरचा थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंगावर दुधासारखी साय येते. बॉनेट आणि डिकी दोनदा धुऊन पुन्हा रंगवली. कारण खरं असलं तरी एक फोन करायला पावसाची आडकाठी नव्हती. तो केला नाही, ही चूक.

आता ज्या माझ्या नाहीत त्या.

ती इम्पाला नाही. आपल्याकडे शेपटीला पंख असलेली कुठलीही लांबलचक अमेरिकन गाडी इम्पालाच, माझे वडीलही तेच म्हणायचे. पण इम्पाला हे नाव १९५८ च्या मॉडेलपासून आलं. तुमची १९५७ ची बेल एअर आहे. आणि पेट्रोलचं झाकण आम्ही विसरलो नाही. त्या गाडीला बाहेरून दिसणारं झाकणच नाही. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला जी उभी क्रोमची पट्टी आहे, तिच्यातला तुकडा बाहेर उघडतो आणि नळीचं तोंड त्याच्या मागे असतं. पंपावरचा नवा पोऱ्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत असेल, असं मला नेहमी वाटतं.

वायरींचं जरा सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न दर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा असतो. खऱ्या गाडीत स्पार्क प्लगची वायर ७ मिलिमीटर जाड. २५ ने भागा, ०.२८ येतं. आम्ही मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून ३२ गेजची तांब्याची तार आणतो, ती ०.२७ भरते, वर काळा रंग. अर्धा मिलिमीटरची तार घातली असती तर ती फोटोत मस्त दिसली असती, पण २५ ने गुणा: साडेबारा मिलिमीटर. म्हणजे बागेला पाणी घालायची अर्धा इंची पाइप इंजिनात कोंबल्यासारखं. तुमच्या गाडीतलं डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणारा भाग) मुगाच्या दाण्याएवढं आहे. त्यात ०.३ च्या ड्रिलने हाताने नऊ भोकं पाडली, आठ प्लगची आणि नववी कॉइलची, त्यात तीन ड्रिल मोडले. तारा जोडल्यात त्याही १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने, खऱ्या इंजिनात ठिणगी पडते तशा. शिवाय कंपनीनेच त्या वायरी इंजिनाच्या मागून खाली उतरवून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) खालून प्लगपर्यंत नेल्या होत्या. म्हणून वरून बघितलं तर मागचा झुबका तेवढा दिसतो. जाड, रंगीत, वरून फिरवलेल्या वायरी हव्या असतील तर घालून देते, पण त्याची वेगळी मजुरी पडेल. आणि ते काम आमचं म्हणून कुणाला दाखवू नका, एवढी विनंती.

क्रोमची तक्रार अर्धी तुमची, अर्धी आमची. किटमधलं क्रोम म्हणजे प्लास्टिकवर लॅकर आणि त्यावर निर्वात यंत्रात चढवलेला अॅल्युमिनियमचा अतिपातळ थर. तो आरशासारखा चकचकतो, पण साच्याच्या जोडाची रेघ आणि स्प्रूवरून (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) तोडल्याची खूण त्याच्याखाली तशीच राहते. बंपरवर ती रेघ बरोबर मधोमध होती. म्हणून आम्ही भाग कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून क्रोम उतरवतो, रेघ घासून काढतो, चकचकीत काळा देतो आणि त्यावर क्रोमचा रंग एअरब्रशने मारतो. हे क्रोम जास्त खरं दिसतं, पण नाजूक असतं. वर संरक्षक थर दिला तर ते राखाडी पडतं, म्हणून देत नाही, आणि मग बोटांचं तेल लागलं की काळवंडतं. डब्यात चिठ्ठी होती, ‘गाडी खालून धरा, बंपरला हात लावू नका’. तुम्हीच लिहिलंय की गणपतीत आलेल्या सगळ्यांनी गाडी हातात घेऊन बघितली. पण चार ओळींची चिठ्ठी टाकून जबाबदारी संपत नाही हेही कबूल. ही गाडी शोकेसमध्ये राहणार की हातोहात फिरणार, हे मी ऑर्डर घेतानाच विचारायला हवं होतं. हाताळायची असती तर बंपरचं मूळ क्रोमच राखलं असतं, रेघेसकट.

राहिली ग्रिल. तिच्यावरच तुम्ही सगळ्यात चिडलात, आणि दोन दिवस मीही तिच्याचबद्दल विचार करत होते.

बेल एअरची जाळी १९५७ साली कारखान्यातून सोनेरीच यायची, अॅनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने रंगीत थर चढवलेल्या अॅल्युमिनियमची. शेवरलेच्याच स्वस्तातल्या वन-फिफ्टी आणि टू-टेन या मॉडेलांची चंदेरी. बॉनेटवरचा ‘व्ही’ आकाराचा बिल्लासुद्धा बेल एअरवर सोनेरी, तो तुमच्या गाडीवर आम्ही तसाच केलाय आणि त्याबद्दल तुमची तक्रार नाही. त्यामुळे माझं पहिलं उत्तर तयार होतं: ग्रिल बरोबर आहे, तुम्ही चूक आहात.

मग तुम्ही ऑर्डरसोबत दिलेला फोटो पुन्हा काढून बघितला. गिरगावातल्या शेठची गाडी, तिच्या बॉनेटला टेकून उभे तुमचे आजोबा, खांद्यावर पुसायचं फडकं. ते त्या शेठकडे ड्रायव्हर होते, असं तुम्ही सांगितलं होतंत. फोटो कृष्णधवल आहे, त्यात सोनेरी काय आणि चंदेरी काय, दोन्ही करडंच. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तुम्ही लिहिलंय, ‘आजोबा सांगायचे, जाळी चांदीसारखी लखलखायची, मी रोज घासायचो’. रोज घासली तर तो सोनेरी मुलामा किती टिकला असता? समुद्राची हवा, ऊन, वर दररोज पॉलिश. किंवा शेठनी मधेच क्रोम करून घेतली असेल, मुंबईत तेव्हा हे सर्रास चालायचं.

आणि एक गोष्ट मला स्वतःलाच खटकली. स्टिअरिंग उजवीकडे घेताना मी त्याच फोटोवर विसंबले होते. किट डाव्या स्टिअरिंगचं, फोटोत उजवीकडचं, मी एका शब्दानेही वाद न घालता फोटोप्रमाणे केलं. (जाता जाता तक्रार माझीही: सगळ्यात अवघड काम तेच होतं आणि रिव्ह्यूत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. १९५५ आणि १९५६ च्या गाड्यांचा डॅशबोर्ड दोन्ही बाजूंना सारखा दिसणारा, तिथे बदल सोपा. १९५७ ला मीटर फक्त ड्रायव्हरसमोर. बारीक करवतीने तो भाग कापून पलीकडे बसवला, फटी प्लास्टिकच्या पत्र्याने आणि पुटीने भरल्या, पेडल हलवली. अकरा संध्याकाळी गेल्या.) म्हणजे स्टिअरिंगला आजोबांचा फोटो आणि ग्रिलला कंपनीचा तक्ता, असा दुटप्पीपणा मी केला. तुम्ही मागितली होती आजोबांची गाडी. मी पुढचा निम्मा भाग कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या गाडीचा केला. पुस्तकाप्रमाणे चूक नाही, पण तुमच्या ऑर्डरप्रमाणे आहे. सहातली ही तक्रार मी सोमवारपर्यंत तुमच्या खात्यात धरत होते, आता माझ्या खात्यात घेते.

तेव्हा असं करू. ग्रिलचा साचा घेऊन रेझिनमध्ये दुसरी ओतते आणि ती चंदेरी करून बसवते, नव्यासारखी नाही, घासून घासून कडा मऊ झालेली. सोनेरी काढून पिशवीत घालून देते, टाकू नका. चऱ्याजवळचा छताचा भाग पुन्हा रंगवून फॉइल नवी लावते. बंपर पुन्हा क्रोम करते. या तिन्हींचे पैसे नाहीत, आणि उशिरापोटी दीड हजार परत. तारांना हात लावणार नाही. तीन आठवडे लागतील. आता पाऊस ओसरलाय, तरी दर शनिवारी फोन करून कुठवर आलं ते सांगेन. स्टार एकाचे दोन करा असं म्हणत नाही, गाडी हातात आल्यावर ठरवा.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही अकरानंतर या. गाडी त्याच डब्यात आणा, आणि तो फोटोही सोबत आणा, मूळ प्रत असेल तर उत्तम. आजोबांच्या खांद्याआडून ग्रिलचा डावा कोपरा थोडा दिसतो, तिथे एक आडवी पट्टी वाकलेली वाटते. ती खरंच वाकलेली आहे की फोटोचीच घडी आहे, हे भिंगाखाली बघायचंय. वाकलेली असली तर तशीच करते.