टूथपेस्टने प्रोसेसर थंड राहत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज सांगलीतल्या चार वेगवेगळ्या ग्रुपवरून माझ्याकडे आला. मजकूर असा : ‘कॉम्प्युटर तापून बंद पडतोय? दुकानात पैसे घालवू नका. प्रोसेसरवर घरातली टूथपेस्ट लावा. चांगली जाड लावा, जितकी जास्त तितका गारवा. दर सहा महिन्यांनी बदला. खर्च करायचाच असेल तर लिक्विड मेटल घ्या, तेच सगळ्यात भारी.’

यातला पहिला सल्ला ऐकलेलं मशीन मी स्वतः उघडलंय. मार्केट यार्डातली हळदीची अडत. सौद्यांच्या ऐन दिवसांत दुपारी दोननंतर मशीन आपोआप बंद व्हायचं. कुलर, म्हणजे प्रोसेसर या मुख्य चिपवर बसवलेला धातूचा ठोकळा आणि पंखा, काढायला गेलो तर जागचा हलेना. जरा जोर दिला, तर सॉकेटची (मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत प्रोसेसर बसतो तिची) कडी लागलेली असतानाच प्रोसेसर कुलरला चिकटून उपसून वर आला. एएम४ प्रकारच्या सॉकेटचा, एएमडी कंपनीचा रायझेन प्रोसेसर होता. त्याच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. सात पिना वाकल्या. वरच्या अंगाला पांढरी खपली, जुन्या भिंतीवरच्या चुन्यासारखी तडकलेली. नखाने खरवडली तर पुदिन्याचा वास आला.

पेस्ट लावणारा पोरगा म्हणाला, ‘दादा, लावल्या दिवशी टेम्परेचर खरंच उतरलं होतं.’ माझा त्याच्यावर विश्वास आहे, आणि मेसेज पसरतो तो याच अनुभवामुळे. प्रोसेसरची धातूची टोपी आणि कुलरचा तळ डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी दोन्हींवर बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, पाण्याची ०.६. टूथपेस्टमध्ये पाणी भरपूर असतं, त्यामुळे ओली आहे तोवर ती हवेपेक्षा वीसपट तरी बरी. पण साठ-सत्तर अंशांवर ते पाणी टिकणार किती? ते उडालं की तडे पडतात, तड्यांत पुन्हा हवा शिरते आणि उरलेली भुकटी सिमेंटसारखी धरून बसते. या जागेसाठीच दुकानात मिळणारी थर्मल पेस्ट सहसा सिलिकॉन तेलासारख्या न उडणाऱ्या माध्यमात झिंक ऑक्साईड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साईड घोटून केलेली असते. चार ग्रॅमच्या ट्यूबमध्ये डझनभर मशीन होतात, म्हणजे वाचवायला फार पैसे नसतातच.

(एएम४चा कुलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या. मग बंद करून प्लग काढा आणि कुलर आधी डावी-उजवीकडे फिरवून सोडवा, मगच उचला. त्या दिवशी मशीन सुरूच होत नव्हतं; मी निदान फिरवायला हवं होतं.)

जाड लावण्याचं म्हणाल, तर तांब्याची क्षमता ४००च्या आसपास आणि चांगल्या पेस्टची दहाच्या आगेमागे. म्हणजे पेस्ट ही धातूच्या मानाने अडथळाच आहे. तिचं काम खळगे भरण्यापुरतं. मात्र उलट टोकाची भीतीही नको. थोडी जास्त पडली तर स्क्रूच्या दाबाने कडेने बाहेर येते आणि तापमानात फारसा फरक पडत नाही. कमी पडून कोपरे कोरडे राहणं जास्त वाईट. नेहमीच्या डेस्कटॉपला मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. लॅपटॉपची चिप उघडी असते, तिथे मात्र पातळ थर सगळीकडे पसरवूनच घ्या. बोटाने नको, बोटाचं तेल लागतं.

दर सहा महिन्यांनी बदलण्याची गरज नाही. बरी पेस्ट काही वर्षं टिकते. कुलर काढला असेल किंवा तेच काम करताना तापमान पूर्वीपेक्षा चढत असेल, तेव्हा बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा. जुनीवर नवी कधीच नको.

लिक्विड मेटलबद्दल मला कळकळीने सांगायचंय. पेस्टऐवजी लावायचा हा पातळ धातू, त्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियम पोखरतं, आणि स्वस्त कुलरचा तळ बऱ्याचदा ॲल्युमिनियमचाच असतो. शिवाय त्यातून वीज वाहते. एक थेंब मदरबोर्डवर घरंगळला तर शॉर्ट. ऑफिसच्या मशीनला याची काही गरज नाही.

आणि मेसेजमध्ये जे नाहीच, ते आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण आहे. कुलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की २५ अंशांच्या खोलीपेक्षा प्रोसेसरही जवळपास पंधरा अंशांनी वर चढतो. त्यात अडतीतल्या त्या कुलरच्या पात्यांमध्ये हळदीच्या धुळीची पिवळी गादी बसली होती, हवा जायला फट नव्हती. भिंगाखाली पिना सरळ करण्यात माझी सकाळ गेली, धूळ काढायला दहा मिनिटं लागली. ती तुम्हीही घरी काढू शकता. मशीन बंद करून, प्लग काढून ब्लोअर मारा, फक्त पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भरमसाट वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं.