ब्रिजपोर्ट १२ए, वेबर कार्ब आणि १२०० चा स्लो: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

वेबर कार्बवर चालणाऱ्या ब्रिजपोर्ट (इनटेक पोर्ट जादा कापलेल्या) माझदा १२ए रोटरी इंजिनाचा स्लो १२०० ठेवा, या माझ्या सल्ल्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिखटही, त्यामुळे उत्तरही लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझदा १२एचा स्लो (थ्रॉटल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) कंपनी ७५० आरपीएम सांगते, मग ब्रिजपोर्टला १२०० ठेवा म्हणणं म्हणजे दुखणं झाकणं. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) १५.८, म्हणजे लीन (पेट्रोल कमी), दाखवत असताना ‘स्लोवर त्याच्याकडे पाहू नका’ हा सल्ला बेजबाबदार. आणि स्लोचं पेट्रोल कमी-जास्त करणारा मिक्स्चर स्क्रू असताना जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बदलायला लावणं हा उगाच खर्च. हे सगळं लिहून झाल्यावर जाता जाता तुम्ही म्हणता की स्पीड स्क्रू (थ्रॉटल किंचित उघडा ठेवणारा) तीन फेरे आत आहे आणि मिक्स्चर स्क्रू पूर्ण आत बसवले तरी इंजिनला काही फरक पडत नाही. तुमच्या गाडीचं दुखणं नेमकं या शेवटच्या वाक्यात आहे. तिथे येतोच, आधी ७५० चं बघू.

७५० हा आकडा मूळ पोर्टचा आहे. ब्रिजपोर्ट करताना साइड प्लेटवरच्या इनटेक पोर्टच्या बाहेरच्या अंगाला, कॉर्नर सीलच्या (तिकोनी रोटरच्या कोपऱ्यांतल्या सीलच्या) वाटेपलीकडे, भुवईसारखी खाच कापतात. मधे धातूची पट्टी उरते, तिच्यावरून कॉर्नर सील सरकतं. या खाचेमुळे इनटेक खूप लवकर उघडतं. तेव्हा एक्झॉस्ट अजून बंद झालेलं नसतं. थ्रॉटल जवळपास मिटलेला असल्याने मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो आणि तो जळका वायू उलटा आत ओढतो. ताज्या मिश्रणात जळकं इतकं मिसळतं की ठिणगी पडूनही आग धरत नाही. ते मिश्रण तसंच बाहेर जातं, पुढच्या वेळी चेंबर त्या मानाने स्वच्छ असतो आणि जोरात पेटतो. लोक ज्या ‘ब्रॅप-ब्रॅप’ आवाजावर फिदा असतात तो हा: एक पेटलं, एक हुकलं. आरपीएम जितका कमी, तितकं हुकणं जास्त. पोर्ट किती कापलाय त्यावर १००० ते १४०० मध्ये कुठेतरी इंजिन स्थिरावतं. ७५० वर ते उभं राहत नाही, आणि हट्टाने ठेवलंत तर प्लग काळे करून घ्याल.

तुमचा निम्मा मुद्दा मात्र रास्त आहे. चढा स्लो हवेची गळती आणि बसलेलं कॉम्प्रेशन दोन्ही लपवतो. म्हणून कार्बला हात लावण्याआधी ही दोन्ही तपासा. साध्या कॉम्प्रेशन गेजमधला व्हॉल्व्ह काढून ते गेज लीडिंग प्लगच्या (रोटरच्या दोन प्लगांपैकी आधी ठिणगी देणाऱ्याच्या) जागी लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर मारा: काटा एकामागून एक तीन सारख्या उड्या मारायला हवा, रोटरच्या तीन बाजूंच्या तीन. एखादी उडी बुटकी असेल तर एपेक्स (रोटरच्या टोकाचं) किंवा साइड सील गेलं, आणि तो स्लो कुठलाही कार्ब सुधारणार नाही. तुम्ही ऑकलंडला आहात, तिथे रोटरी कोळून प्यायलेली वर्कशॉपं आहेत. आरपीएमची नोंद घेणारा खरा रोटरी टेस्टर लावून मिळाला तर फारच छान. गळतीसाठी मॅनिफोल्डचं गॅस्केट, कार्बखालच्या ओ-रिंगा आणि ब्रेक बूस्टरचा पाइप बघा. गरम एक्झॉस्टशेजारी कार्ब क्लीनर फवारत बसू नका, आग लागते. पाइपांची गळती ते एकेक करून बंद करून बघितले की कळते.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. जळक्या वायूने पातळ झालेलं मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी लवकर हवी. मूळ १२एला स्लोवर लीडिंग शून्य अंशावर असतं, ब्रिजपोर्टला साधारण १० ते १२ अंश आधी ठेवलं तर स्पीड स्क्रूला हात न लावताच आरपीएम चढतो. इथे एक मेख आहे. डिस्ट्रिब्यूटरची वजनं (वेग वाढला की ठिणगी आधी आणणारी) हजाराच्या पुढेमागे उघडायला लागतात, म्हणजे १२०० चा स्लो नेमका त्या चढणीवर येतो. आरपीएम जरा पडला की टायमिंग मागे जातं, टायमिंग मागे गेलं की आरपीएम आणखी पडतो, आणि इंजिन झोके खात राहतं. लोक याला कार्बचा दोष समजून आठवडे घालवतात. स्प्रिंगा कडक घालून अॅडव्हान्स १५०० नंतर सुरू होईल असं करा आणि व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पाइप बंद करा. सुरुवातीचं टायमिंग जितकं पुढे नेलं, तितकीच वजनांची चाल कमी करायला विसरू नका. कार्बवाल्या साध्या रोटरीला एकूण २२ ते २५ अंश पुरतात. त्यापुढे नॉकिंग झालं तर एपेक्स सील तुटतं आणि हाउसिंगही घेऊन जातं.

आता ते शेवटचं वाक्य. डीसीओईचा (तुमच्या वेबर कार्बचा) आयडल, म्हणजे स्लोचा, जेट दोन ठिकाणी पेट्रोल देतो. एक, बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या फिरत्या चकतीच्या) इंजिनकडच्या बाजूला मिक्स्चर स्क्रूखालचं भोक. दोन, बटरफ्लायच्या कडेलगत, फिल्टरच्या बाजूला ओळीने पाडलेली बारीक प्रोग्रेशनची (थ्रॉटल उघडू लागताना पेट्रोल देणारी) भोकं. ही दुसरी भोकं स्लोवर झाकलेली हवीत, म्हणजे त्यांना व्हॅक्यूम लागत नाही. तुम्ही स्पीड स्क्रू तीन फेरे आत नेलात, बटरफ्लाय उघडली आणि तिची कड ही भोकं ओलांडून गेली. आता इंजिन पेट्रोल तिथून पितंय आणि मिक्स्चर स्क्रू नुसते शोभेचे उरलेत. थ्रॉटल जरा उघडला की गाडी अडखळते, कारण प्रोग्रेशनचा साठा आधीच खर्च झालेला असतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. इंजिन बंद करा. कार्बच्या माथ्यावर प्रत्येक गळ्याला, बटरफ्लायच्या बरोबर वर, पितळेचा छोटा स्क्रू-प्लग असतो तो काढा. ट्रम्पेटच्या (हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या) बाजूने टॉर्च मारा आणि वरून आत डोकवा: प्रोग्रेशनची भोकं आणि बटरफ्लायची कड दोन्ही दिसतात. कड पहिल्या भोकाला नुकती भिडायला आलेली हवी. ती एक-दोन भोकं पुढे गेलेली दिसली की निदान पक्कं. स्पीड स्क्रू टेकल्यापासून अर्धा ते एक फेरा ठीक, दीडच्या पुढे गेलात की संशय घ्या.

मग १२०० ला लागणारी हवा आणायची कुठून? कार्बला एअर बायपास स्क्रू असतील तर त्यांतून. नसतील तर बटरफ्लायलाच भोक पाडायचं: खालच्या अर्ध्यात (प्रोग्रेशनची भोकं वर आहेत), दोन्ही गळ्यांना अगदी सारखं, सुरुवात १.५ मिमीने. पुरलं नाही तर पाव-पाव मिलिमीटरने वाढवा. मोठं पडलेलं भोक लहान करणं जिकिरीचं आहे, म्हणून टायमिंग आणि गळती आधी उरकायची.

जेटबद्दल. तुमच्याकडे ५५एफ९ आयडल जेट आहे. ५५ म्हणजे ०.५५ मिमी. ६० घातला तर छिद्राचं क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी वाढतं, ६५ ला ४० टक्क्यांनी. स्क्रू आपल्याला मिळालेल्या पेट्रोलचीच वाटणी करतो, मुळात कमी पडलं तर तो कुठून आणणार? कसोटी सोपी आहे. बटरफ्लाय जागेवर आणल्यावर चांगला स्लो मिळवायला स्क्रू अडीच-तीन फेरे उघडावा लागला तर जेट लहान, अर्ध्या फेऱ्यातच मिळाला तर मोठा. दोन जेटांचा खर्च आहे, पण सततच्या काळ्या प्लगांपेक्षा स्वस्त. आणि जेटच्या आधी फ्युएल प्रेशर बघा: वेबरला ३ पीएसआय पुरतं, ७ देणारा पंप रेग्युलेटरशिवाय लावला तर नीडल व्हॉल्व्ह दाबून पेट्रोल ओसंडतं.

वाइडबँडवर तुम्ही फारच विसंबलाय. तो सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघतो. हुकलेल्या चेंबरचा सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर येतो, ओव्हरलॅपमध्ये (इनटेक-एक्झॉस्ट एकाच वेळी उघडं असताना) थेट निसटलेला वेगळाच. मीटर म्हणतो लीन, आणि त्याच वेळी प्लग काजळीने भरतात. त्या १५.८ वर विश्वास ठेवून लीन करत गेलात तर हुकणं वाढेल आणि आकडा आणखी चढेल. ३००० वर स्थिर चालवताना तोच मीटर कामाचा आहे, तिथे जरूर वापरा.

स्क्रू लावायची पद्धत: पाणी ८० अंशांच्या वर, पंखा-दिवे बंद. दोन्ही स्क्रू दीड फेऱ्यावर. एका वेळी एक, अष्टमांश फेरा, मग दहा-पंधरा सेकंद थांबा, कारण ब्रिजपोर्ट उशिरा उत्तर देतो. आरपीएम सर्वांत वर जाईल तिथून पडायला लागेपर्यंत आत घ्या, मग पाव फेरा परत बाहेर. आरपीएम वाढला तर स्पीड स्क्रूने खाली आणा आणि पुन्हा एक फेरी करा. शेवटी एकेका रोटरचा लीडिंग प्लग क्षणभर टेस्टरने अर्थ करून (इंजिनच्या धातूला जोडून) बघा. वायर नुसती काढून हवेत सोडू नका, इग्नायटर जातो. दोन्हीकडे आरपीएम सारखाच पडला तर गळे जुळले. एकीकडे कमी पडला तर तो रोटर काम करत नाहीये, त्याच्या जेटमधला कचरा बघा.

पितळेचा प्लग काढून कड कुठे दिसते ते आणि जेट काढून त्यावर खरंच ५५एफ९ आहे का, एवढं कळवा. बटरफ्लायला ड्रिल त्यानंतरच लावा.