चाळीचा टॉवर, चाळीसचाही

आमची परळची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, पण कमिटीच्या कागदांतून चाळ काही जाईना. म्हणून मीटिंगमध्ये ठरलं, स्मरणिकेच्या मजकुरात जिथे जिथे ‘चाळ’ आहे तिथे ‘टॉवर’ करायचं. आठवणी सगळ्या चाळीच्याच, पण तो शब्द नको. फ्लॅटचा भाव पडतो म्हणे. आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. निवृत्तीनंतर मी पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकतोय, ही बातमी मीच दूधवाल्यापर्यंत पोचवली होती.

“पाच मिनिटांचं काम,” मी म्हणालो.

पायथनमध्ये रिप्लेस नावाची सोय आहे. जुना शब्द द्या, नवा शब्द द्या, झालं. चालवलं. फाइल पाहिली तर चाळ जागच्या जागी. तीनदा चालवलं, तीनदा तेच. शेवटी भाचीला फोन केला. ती हिंजवडीत हेच उद्योग पगार घेऊन करते.

“मामा, परत आलेली स्ट्रिंग, म्हणजे तो मजकूर, कुठे ठेवलीस?”

“परत कुठे आली?”

“अरे, पायथनमधली स्ट्रिंग स्वतः कधीच बदलत नाही. रिप्लेस नवी बनवून तुझ्या हातात देतं. तू घेतलीच नाहीस.”

म्हणजे मी तीनदा टॉवर बांधला आणि तीनदा ताबा घ्यायला गेलोच नाही. आमच्या बिल्डरच्या बाबतीत प्रकार बरोबर उलटा होता.

या वेळी ताबा घेतला. सगळीकडे टॉवरच टॉवर. छाती फुगवून पहिलं पान वाचायला घेतलं: “टॉवरीस वर्षांपूर्वी...” पुढे गणपतीच्या वर्गणीचे जुने हिशोब, रकमा अक्षरी. एकोणटॉवरीसपासून अठ्ठेटॉवरीसपर्यंत दहाच्या दहा आकडे गारद. एकोणपन्नास तेवढा थोडक्यात वाचला. कुणाची तरी मावशी टॉवरीसगावहून आली होती. नळावर कुटॉवरक्या चालत. आणि एका नोटिशीत “वाटॉवर सभासदांनी आवरतं घ्यावं” अशी विनंती होती.

रिप्लेसला शब्द कळत नाही, अक्षरं दिसतात. च, काना, ळ ओळीने आले की संपलं. मूळ फाइलची प्रत ठेवली होती, ही त्या दिवसातली माझी एकमेव अक्कल.

भाची म्हणाली, “रेग्युलर एक्स्प्रेशन वापर, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना. दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी लाव. ती शब्दाची वेस. अख्खा शब्द असेल तरच बदल होईल.” लावली. चाळणी वाचली, कुचाळक्या वाचल्या, एकोणचाळीसही वाचला. पण चाळीस पुन्हा टॉवरीस! बेचाळीसचंही तेच. इथे भाचीही गप्प झाली. तासाभराने तिचा फोन आला. पायथनचं नेहमीचं रेग्युलर एक्स्प्रेशन वेलांटी, मात्रा, काना यांना शब्दाचा भाग धरतच नाही. ‘चाळीस’मधल्या ळ नंतर दीर्घ वेलांटी दिसली की त्याला वाटतं, शब्द संपला, वेस आली. ‘बे’ची मात्रा संपली की पुन्हा वेस. आपण ज्याला तीन अक्षरं म्हणतो तो ‘चाळीस’ त्याच्या लेखी पाच तुकडे, आणि त्यातले दोन गावकुसाबाहेरचे. पहिलीत बाई काना-मात्रेसाठी पट्टी का मारायच्या ते साठीनंतर कळलं.

मग पायथनला जोडायचं रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल बसवलं. त्याला वेलांटी कळते. चाळीस सुटला, वाचाळ सभासदही सुटले. पण आता नवीच तऱ्हा. ‘चाळ’ बदलायची, मात्र ‘चाळीत’, ‘चाळीला’, ‘चाळीतल्या’ हटून बसलेल्या. विभक्ती प्रत्ययांनी माझा शाळेतही असाच छळ केला होता. अखेर कोष्टक हाताने लिहिलं: ‘चाळीत’ला ‘टॉवरमध्ये’, ‘चाळीचा’ला ‘टॉवरचा’. त्यानंतर ‘आमची जुनी टॉवर’ आणि ‘पडकी टॉवर’ यांची लिंगं दुरुस्त करत रात्रीचे दोन वाजले. पाच मिनिटांचं काम चौथ्या दिवशी छापखान्यात गेलं.

प्रकाशनाच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी स्मरणिका घेऊन माझ्यासमोर आल्या. गणेशोत्सवातल्या त्यांच्या नाचाची आठवण छापली होती. चष्मा सारखा करून त्यांनी वाचून दाखवलं, “तेव्हा मी पायात टॉवर बांधून तासभर नाचले होते.”

मी जमिनीकडे पाहिलं. हा घुंगरांचा ‘चाळ’ अख्खा शब्द होता. वेशीच्या आत, विभक्तीशिवाय, निर्दोष.

आजी म्हणाल्या, “तरीच म्हटलं, माझे गुडघे कशाने गेले!”